झाकणाखालचे अलंकार

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला माझ्या भाच्याने आपल्या मोटारीची पूजा मांडली, तेव्हा तिचे बॉनेट उघडे ठेवले होते. खंडेनवमीला पाना, हातोडा, शिवणाचे यंत्र यांना हळदकुंकू वाहावे, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालावी, ही आपल्याकडची रीतच आहे. तेव्हा उघड्या बॉनेटचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते आतल्या देखाव्याचे. जिथे काळे तेल, धूळ आणि गंज यांचे राज्य असावे अशी माझी समजूत, तिथे जांभळे नटबोल्ट ओळीने चमकत होते. टॅपेट कव्हर लाल झाले होते. रेडिएटरच्या नळ्या निळ्या, बॅटरी धरून ठेवणारी पट्टी जांभळी, तेल ओतायच्या तोंडावरचे झाकण नक्षीदार आणि तेही जांभळे. प्रत्येक बोल्टाखाली लहानशा वाटीसारखा एक जांभळा वायसर. (पुस्तकात याला वॉशर म्हणतात, गॅरेजात तसे म्हटले तर तुम्ही परगावचे ठरता.)

"मामा, कसं वाटतंय?" त्याने विचारले.

चाळीस वर्षे महाविद्यालयात साहित्यशास्त्र शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न सणासुदीला विचारू नये. मी म्हणालो, "अरे, जे झाकूनच ठेवायचे त्याला दागिने कशाला?"

तो काही बोलला नाही. झेंडूची पाकळी चिरडू नये म्हणून ती बाजूला केली आणि बॉनेट हळूच खाली घेतले. बहिणीने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आपट्याची पाने देताना भाचा वाकून नमस्कार करून गेला, एवढेच.

आपलेच चटपटीत वाक्य पुढे आपल्याला सलू लागते, हा टीकाकाराच्या धंद्यातला नेहमीचा अनुभव. झाकलेल्या वस्तूला शोभा असू नये, हा नियम कोणी केला? घरी येऊन मी पत्नीची पैठणी कपाटातून काढली आणि पदर उलटून पाहिला. अस्सल पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळजवळ सुलट्यासारखाच असतो. मागे सुटे धागे लोंबत नाहीत, मोर दोन्हीकडून मोरच दिसतो. ती उलटी बाजू पाहणार कोण? तरी ती नीट आहे. विणकराला विचारले तर तो म्हणेल, मुद्दाम काही केले नाही, वीणच तशी आहे.

वीणच तशी आहे! नवव्या शतकातल्या काश्मिरी आनंदवर्धनाने अलंकाराला जी कसोटी लावली ती हीच नव्हे काय? रसाच्या ओघात जो आपोआप येतो, ज्याच्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, तो अलंकार खरा. 'अपृथग्यत्न' हा त्याचा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याच भूमीतला, दोन शतकांनंतरचा क्षेमेंद्र औचित्याची चर्चा करताना कंबरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घालणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो; दागिने खरे, पण लोक हसतात. या दोघांना बरोबर घेऊन एकदा मोटारीच्या बॉनेटखाली उतरावे, असे माझ्या मनाने घेतले. भाच्याची जुनी मासिके मागवून वाचली. तो ती मुकाट्याने आणून देई आणि दारातूनच परत जाई.

विलायतेतल्या विल्यम लायन्सची कथा मला त्यांत सर्वांत मोलाची वाटली. हा गृहस्थ एंजिनियर नव्हे. १९२२ साली ब्लॅकपूल येथे मोटारसायकलींचे साइडकार करण्यापासून त्याने आरंभ केला. त्याचे भांडवल म्हणजे त्याची नजर. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यावर बॉम्ब पडून आग लागेल म्हणून रात्रीचा पहारा असे. त्या पहाऱ्याच्या रात्री लायन्स आपल्या हेन्स, हॅसन आणि बेली या सहकाऱ्यांबरोबर युद्धानंतरच्या एंजिनाचे मनोरथ रचीत बसे. त्याची एक अट अशी होती की, एंजिन जोरकस तर हवेच, पण बॉनेट उघडताच माणूस क्षणभर पाहत राहिला पाहिजे. १९४८ च्या लंडनच्या प्रदर्शनात जॅग्वार एक्सके १२० ही गाडी आली, तिच्यात ते एंजिन होते. सहा नळकांडी, ३,४४२ घनसेंटिमीटर, १६० अश्वशक्ती. आणि माथ्यावर आरशासारखी घासलेली अॅल्युमिनियमची दोन लांब कव्हरे, शेजारी शेजारी, देवघरातल्या समयांच्या जोडीसारखी. धुराड्याकडे जाणाऱ्या नळ्यांना काळ्या मिन्याचा लेप. हे एंजिन पुढे ल मान्सची शर्यत पाच वेळा जिंकले आणि फेरफार होत होत १९९२ पर्यंत गाड्यांत बसत राहिले. केवळ देखणेपणावर कोणाला इतके आयुष्य लाभत नाही.

पण मला त्यातला एक बारीक तपशील फार आवडला. आरंभीच्या एंजिनांत त्या कव्हरांच्या पुढच्या काठाला नट नव्हते. काठ सलग, गुळगुळीत. दिसायला सुंदर, पण तिथून तेल पाझरू लागले. मग पुढच्या काठाला नट देऊन तो आवळावा लागला. आज जुन्या गाड्यांचे शौकीन ती बिननटांची कव्हरे हुडकत हिंडतात. मला मात्र नटवालीच अधिक सुंदर वाटतात. घुमटीच्या आकाराच्या त्या चकचकीत नटांची ओळ आता पुढे वळून पूर्ण होते, आणि ती तिथे का आहे हे पाहणाऱ्याला समजते. गरजेतून उगवलेला अलंकार म्हणजे काय हे वर्गात शिकवताना मी कालिदासाच्या उपमा देत असे. हे उदाहरण तेव्हा ठाऊक असते तर मागच्या बाकावरची मुले जागी राहिली असती.

इटलीच्या फेरारीने १९५० च्या दशकात शर्यतीच्या काही गाड्यांच्या एंजिनांची माथी तांबडी रंगवली आणि गाडीचे नावच 'टेस्टा रोसा', म्हणजे लाल डोके, असे पडले. खर्च म्हणाल तर डबाभर रंगाचा! ती गाडी १९५८, १९६० आणि १९६१ साली ल मान्सला पहिली आली, म्हणून तो रंग बिरुद झाला. लढाईवर न गेलेल्याने मंदिल बांधला तर त्याला बिरुद म्हणत नाहीत. माझ्या भाच्याच्या लाल कव्हराचे गोत्र इथपर्यंत पोचते, हे त्याला ठाऊक होते, मला नव्हते.

या कलेचे खरे माहेर मात्र अमेरिकेतले दक्षिण कॅलिफोर्निया. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ नळकांड्यांचे, ६५ अश्वशक्तीचे एंजिन बसवले. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या, तशा तिथल्या तरुण पोरांच्या हाती आल्या. त्यांनी वजन घटवण्यासाठी चाकांवरचे पंखे काढले, बॉनेटही काढून टाकले आणि लॉस एंजलिसच्या पलीकडच्या वाळवंटात, आटलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवू लागले. बॉनेट गेले आणि एंजिन हाच गाडीचा चेहरा झाला. जे आजवर पोटात होते ते कपाळावर आले! तेव्हा त्याला शृंगार हवासा वाटणे स्वाभाविक होते. तरी आरंभ शृंगाराने झाला नाही. व्हिक एडलब्रॉकसारख्या गॅरेजवाल्यांनी वेगासाठी नवे भाग ओतले. अॅल्युमिनियमच्या हलक्या माथ्यांना उभ्या पट्ट्या ठेवल्या आणि त्यावर आपले नाव उठवले. पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनाला त्या पट्ट्यांची गरज थोडी. पण त्या सावलीची रेघ धरतात आणि ओबडधोबड ठोकळ्याला लय देतात. मर्ढेकरांनी सौंदर्याचा उलगडा संवाद, विरोध आणि समतोल या लयींतून केला. काळ्या लोखंडावर ठेवलेले ते पांढरे, पट्टेदार माथे पाहिले की विरोधलय म्हणजे काय ते शब्दांवाचून कळते.

पुढे व्हायचे ते झाले. १९४८ च्या जानेवारीत या पोरांचे 'हॉट रॉड' मासिक निघाले, १९५० पासून ओकलंडला प्रदर्शने भरू लागली, १९५५ मध्ये शेव्हरोलेचे आठ नळकांड्यांचे नवे एंजिन आले आणि त्याच्यासाठी चकचकीत कव्हरे, हवेच्या गाळणीची झाकणे, नळ्या, नट अशी सगळी सामग्री टपालाने घरी येऊ लागली. ज्याने कधी तळ्यावर गाडी घातली नाही त्याचीही गाडी तळ्यावरून आल्यासारखी दिसू लागली. मोरोपंतांची यमके मोरोपंतांना शोभली. त्यांच्यामागून आलेल्या यमक्यांचे आपल्याकडे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. तरीही १९६३ साली टॉम वुल्फ या पत्रकाराने 'एस्क्वायर' मासिकात या गाड्या सजवणाऱ्यांना कलावंत मानून लेख लिहिला, तेव्हा शिष्ट मंडळी चपापली. चपापणाऱ्यांत मी धरला गेलो असतो, हे आता कबूल करतो.

आता चकाकीविषयी थोडे. आपण ज्याला क्रोमचा मुलामा म्हणतो त्यात क्रोमियमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याखाली निकेल, बहुधा त्याहीखाली तांबे. झळाळी मुख्यतः निकेलची; क्रोमियम तिला किंचित निळसर छटा देते आणि काळवंडू देत नाही. म्हणजे नाव एकाचे आणि तेज दुसऱ्याचे. लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला येई. भाता, कोळसे, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, कापसाच्या बोळ्याने पातेल्याच्या पोटात फिरणारी कथलाची पांढरी लाट! तीही आतल्या बाजूची चकाकीच. पण ती नसती तर पितळेत ताक कळकले असते. कल्हई घरात सर्वांना दिसत नसे. आई मात्र पातेले उजेडाकडे धरून पाही. क्रोमला कल्हईशी तोलले की तो हलका ठरतो. त्यात जुन्या पद्धतीच्या क्रोमच्या हौदातील द्रव कर्करोगाला कारण होतो, आणि त्यावर वाकून काम करणाऱ्यांच्या नाकाचे आतले पडदे झिजून भोके पडल्याची नोंद वैद्यकाने केली आहे. आरशासारख्या झाकणात आपले तोंड पाहताना ती नाकेही आठवावीत.

भाच्याचे जांभळे वायसर क्रोमचे नव्हते, अॅल्युमिनियमचे होते. अॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने त्याच्याच ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवतात, त्या छिद्रांत रंग भरतात आणि तोंडे बंद करतात. एंजिनाच्या उष्णतेत आणि उन्हात तो रंग हळूहळू उडतो. टिटॅनियमचे बोल्ट याहून अभिजात: त्यांना रंग लावावाच लागत नाही. ऑक्साइडच्या पातळ थराची जाडी बदलली की साबणाच्या फुग्यावर दिसावा तसा निळा, सोनेरी, जांभळा रंग प्रकाशाच्या खेळाने आपोआप उमटतो. आनंदवर्धनाला हा धातू आवडला असता. मात्र किमतीने तो सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहतो.

आणि साधा बोल्ट? त्याच्या माथ्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असतो. किती ताण दिला तर तो तुटेल आणि त्याआधी किती ताणावर तो कायमचा लांबेल, हे जाणकाराला त्या दोन अंकांतून कळते. इतका अर्थवाही शिलालेख इतक्या लहान जागेत मी दुसरा पाहिला नाही. शोभेच्या अॅल्युमिनियमच्या बोल्टाचा माथा पुष्कळदा मुका असतो, आणि त्याची ताकदही त्या पोलादाच्या निम्म्याहून कमी असू शकते. कव्हरावर, पत्र्यावर तो चालतो; एंजिन ज्यावर तोलले आहे तिथे तो लावणे म्हणजे खांबाच्या जागी कमान रंगवणे. कठीण पोलादाच्या बोल्टाला हौसेने क्रोम चढवला तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन आत शिरून तो ठिसूळ होऊ शकतो, हेही मी याच वाचनात शिकलो. अलंकाराने अंगच पोखरावे याचे याहून चांगले उदाहरण मम्मटालाही सापडले नसते.

इतके टिपण झाल्यावर मी एक खरमरीत लेख मनात जुळवला होता. तो या अंकासाठी लिहिला असता आणि संपादकांनीही छापला असता. पण मध्ये दिवाळी आली.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही तिघे, बहीण, भाचा आणि मी, त्याच मोटारीने पुण्याहून कोल्हापूरला निघालो. कऱ्हाडच्या अलीकडे चहाला थांबलो. परत येऊन भाच्याने सेल्फ मारला तर नुसते 'कट्' वाजले आणि दिवे मंदावले. पुन्हा 'कट्'. बॅटरी तर महिन्यापूर्वीची. रस्त्यापलीकडच्या टपरीतून एक वयस्कर मिस्त्री आला. बॉनेट उघडल्यावर तो थबकला. माझ्यासारखे शेरे त्याने मारले नाहीत. "लई जीव लावलाय गाडीला," एवढेच म्हणाला, आणि बॅटरीची काळी वायर बोटाने चाचपत ती गाडीच्या पत्र्याला जिथे आवळली होती तिथे पोचला. वायरीचे टोक आणि पत्रा यांच्यामध्ये एक जांभळा वायसर होता.

"हितं करंट अडतोय बघा. ह्यो रंग करंट जाऊ देत न्हाई."

गोष्ट खरी होती. अॅल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक. पण ज्या ऑक्साइडच्या थरात तो जांभळा रंग भरलेला असतो तो थर विजेला अडवतो. इतके दिवस बोल्टाच्या आट्यांतून कसाबसा प्रवाह जात होता. धक्क्यांनी बोल्ट सैल होताच तोही तुटपुंजा झाला. सेल्फला एका दमात शेकडो अँपिअर लागतात. दिव्यापुरते मिळाले, एंजिनापुरते मिळाले नाहीत.

"साधा वायसर हाय का?" मिस्त्रीने विचारले.

भाचा डिकीकडे गेला आणि बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने जागेचे नाव: 'टॅपेट कव्हर', 'बॅटरी पट्टी', 'डावा पंखा'. काढलेला एकेक बोल्ट, एकेक वायसर त्याने जपून ठेवला होता. मी बाकड्यावर बहिणीशेजारी बसलो होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "हे गेल्यावर चार महिने गाडी उभीच होती. हा रात्री खाली जाऊन नुसता आत बसायचा. मग एक दिवस पाना घेऊन बसला. ह्यांनी आवळलेले बोल्ट, म्हणून एकही टाकला नाही. दसऱ्याला पहिल्यांदा बॉनेट उघडून दाखवलं, ते तुला."

यावर मी काय बोलणार? मिस्त्रीने काचपेपरने पत्रा घासून उजळ केला, माझ्या मेहुण्यांच्या हातचा तो काळपट वायसर पूर्ववत बसवला, बोल्ट आवळला. पहिल्याच सेल्फला एंजिन लागले. पैसे घेताना त्याने जांभळा वायसर पुसून भाच्याच्या हातात दिला. "कव्हरावर लावा. तिथं झ्याक दिसतोय."

क्षेमेंद्राने एवढ्यासाठी एक ग्रंथ लिहिला.

कोल्हापुरापर्यंत मी गप्प होतो. जे झाकायचे त्याला दागिने कशाला, हा माझा प्रश्नच चुकला होता. दाखवण्यासाठी ते केलेच नव्हते. पैठणीच्या उलट्या बाजूचे कौतुक करणाऱ्या मला हे आधी सुचायला हवे होते. एंजिनाच्या त्या अंधाऱ्या पेटीत त्या पोराने कित्येक महिने वडिलांच्या हातचा एकेक आटा सोडवला आणि आपल्या हाताने आवळला. रंग हे त्याचे निमित्त. असे असूनही तो एक वायसर चुकलाच होता, आणि प्रेमाने लावला म्हणून त्यातून वीज वाहिली नसती. दोन्ही गोष्टी मला एकाच लेखात लिहाव्या लागत आहेत, याला इलाज नाही. खरमरीत लेख मी फाडला. त्यातल्या काही ओळी वर आल्या आहेत, त्या खऱ्या असल्यामुळे ठेवल्या.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत एंजिनावर प्लॅस्टिकचे काळे आवरण असते. आवाज दबतो आणि आतले काही दिसत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर बॉनेटखाली एंजिनच नाही, काहींत सामान ठेवायचा कप्पा आहे. तेव्हा या कलेला आता फार दिवस उरले नसावेत. त्या काळ्या आवरणापेक्षा भाच्याचा जांभळा रंग मला पत्करला. निदान त्याखाली काय आहे ते तो लपवत नाही.

यंदाच्या दसऱ्याला मी आपण होऊन बॉनेट उघडायला सांगितले. जांभळे बोल्ट वर्षभराच्या उष्णतेने एका बाजूला गुलाबीसर झाले आहेत. लाल कव्हर झकास टिकले आहे. काळ्या वायरीच्या टोकाशी तो काळपट वायसर तसाच आहे, आणि त्यावर बहिणीने हळदकुंकवाचे बोट लावले होते. निळ्या नळ्या मात्र मला अजूनही खपत नाहीत. लाल आणि जांभळ्याच्या मध्ये त्या विरोधही साधत नाहीत आणि संवादही. मी तसे भाच्याला स्पष्ट सांगितले.

"मामा, नळ्या राहू द्या," तो म्हणाला. "बाबांची कॉलेजातली सायकल निळी होती."